जॉन जेकब

ब्रिगेडियर जनरल जॉन जेकब (जन्म: ११ जानेवारी १८१२, वुलाव्हिंग्टन, सॉमरसेट, इंग्लंड, मृत्यू: डिसेंबर १८५८, जेकबाबाद, सिंध) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील तोफखान्याचा अधिकारी, घोडदळाचा सेनानी, वरच्या सिंधच्या सरहद्दीचा प्रशासक आणि लांब पल्ल्याच्या रायफलीचा संशोधक होता. सिंध प्रांतातील जेकबाबाद हे शहर त्याने वसवले व ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. रायफलीची नळी, गोळीचा आकार आणि दारूचे माप यांचा परस्परसंबंध त्याने सुमारे पंचवीस वर्षे प्रयोगांनी तपासला आणि २,००० यार्डांपर्यंत नेम धरता येईल अशी रायफल तयार केली. तत्कालीन सैन्याने ही रायफल सर्वत्र स्वीकारली नाही. मात्र अचूकता ही एकसारखेपणातून येते, हे तिच्यामागील तत्त्व नेमबाजीच्या शास्त्रात कायम राहिले.

प्रारंभिक जीवन

जेकबचे वडील स्टीफन लाँग जेकब हे वुलाव्हिंग्टन येथे धर्मोपदेशक होते. जॉनचे प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच देखरेखीखाली घरी झाले. पुढे तो ॲडिसकोम येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला. तोफखाना व अभियांत्रिकी या शाखांसाठी अधिकारी घडवणाऱ्या या विद्यालयात गणित, तटबंदी व तोफविद्या या विषयांवर भर असे. नळीतून सुटलेल्या गोळ्याचा मार्ग, दारूचा जोर आणि उंचीचा कोन यांचे गणित जेकब येथेच शिकला असावा, असे त्याच्या नंतरच्या प्रयोगांवरून दिसते.

जानेवारी १८२८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबई तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट म्हणून त्याची नेमणूक झाली आणि तो मुंबईस आला. त्यानंतर तो मायदेशी कधीही परतला नाही. तो अविवाहित राहिला. आरंभीची सुमारे सात वर्षे त्याने पलटणीतील नित्याच्या सेवेत घालवली. पुढे त्याच्याकडे तोफखान्याच्या एका लहान तुकडीची स्वतंत्र जबाबदारी आली आणि काही काळ गुजरातेत मुलकी प्रशासनाचा अनुभवही मिळाला.

लष्करी कारकीर्द

पहिल्या अफगाण युद्धाच्या निमित्ताने मुंबई लष्कराची फौज १८३८ मध्ये सर जॉन कीन याच्या नेतृत्वाखाली सिंधमार्गे निघाली. जेकब या फौजेत होता. १८३९-४० मध्ये कच्छी व लगतच्या डोंगराळ प्रदेशात झालेल्या मोहिमेत त्याने तोफखान्याचे नेतृत्व केले. जलहीन प्रदेश, असह्य उष्मा आणि डोंगरातून अचानक उतरणाऱ्या टोळ्या यांचा त्याला आलेला हा पहिला अनुभव होय.

१८३९ मध्ये सिंध इर्रेग्युलर हॉर्स हे घोडदळ उभारण्यात आले. जेम्स औट्रम याच्या शिफारशीने १८४२ मध्ये या दलाचे नेतृत्व जेकबकडे आले. हे दल शिलेदारी पद्धतीचे होते. मराठेशाहीच्या इतिहासामुळे महाराष्ट्रातील वाचकांना ही पद्धत परिचित आहे. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई आणि त्या प्रमाणात त्याला अधिक वेतन मिळे. जेकबने या पद्धतीला काटेकोर शिस्तीची जोड दिली. १८४६ मध्ये त्याने दुसरे पथक उभारले. दोन्ही पथके मिळून सुमारे सोळाशे स्वार होते आणि त्यांवर मोजकेच चार-पाच युरोपीय अधिकारी होते. दैनंदिन कारभार बहुतांशी देशी अधिकाऱ्यांकडे असे.

सर चार्ल्स नेपियर याने १८४३ मध्ये सिंध जिंकला. त्या मोहिमेत फेब्रुवारीतील मियाणीच्या आणि मार्चमधील दाबोच्या लढाईत जेकबच्या घोडदळाने भाग घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये शाहदादपूरजवळ जेकबने मीर शेर मुहम्मदच्या फौजेची पांगापांग केली. पुढे सिंधच्या अमिरांवर अन्याय झाला की नाही, या प्रश्नावरून नेपियर आणि औट्रम यांच्यात तीव्र वाद झाला. नेपियरने पूर्वी जेकबची प्रशंसा केली होती, तरीही या वादात जेकबने औट्रमची बाजू घेतली.

वरच्या सिंधची सरहद्द

जानेवारी १८४७ मध्ये वरच्या सिंधच्या सरहद्दीचा राजकीय व लष्करी कारभार जेकबकडे सोपवण्यात आला. त्याच सुमारास सिंध प्रांत मुंबई इलाख्यास जोडला गेला आणि १९३६ पर्यंत तो इलाख्याचा भाग राहिला. बुगटी, डोंबकी, जखराणी इत्यादी टोळ्यांच्या धाडींमुळे सरहद्दीवरील शेती ओस पडली होती. जेकबच्या पूर्वी येथील सैन्य मातीच्या गढ्यांत राहत असे आणि धाड पडून गेल्यावर बाहेर पडत असे.

जेकबने गढ्यांच्या आश्रयाने राहण्याची रीत मोडून काढली. घोडेस्वारांची ठाणी त्याने उघड्या मैदानात ठेवली आणि त्यांची गस्त अहोरात्र सुरू केली. ऑक्टोबर १८४७ मध्ये त्याचा सहकारी लेफ्टनंट विल्यम मेरेवेदर याने थोड्या स्वारांनिशी बुगटींच्या मोठ्या टोळीचा पराभव केला. यानंतर धाडींचे प्रमाण झपाट्याने कमी झाले. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास जेकबने बंदी केली. पिढीजात वैरातून झालेला खून हा सौम्य नव्हे, तर अधिक गंभीर गुन्हा मानावा, असा त्याचा दंडक होता. शरण आलेल्या टोळ्यांना जमिनी देऊन त्याने शेतीकडे वळवले. १८५४ मध्ये कलातच्या खानाशी झालेला तह त्याच्याच वाटाघाटींतून आकारास आला.

या कारभाराचे केंद्र खानगढ हे वाळवंटाच्या काठावरील लहानसे खेडे होते. जेकबने तेथे छावणी, रस्ते, कालवे व वृक्षराजी उभी केली. बेगारी कालव्याचे रुंदीकरण हे त्यांतील महत्त्वाचे काम होय. १८५१ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या संमतीने या गावास जेकबाबाद हे नाव मिळाले. उन्हाळ्यात पारा ५० अंश सेल्सियसच्या आसपास जाणारे हे शहर उपखंडातील अतिशय उष्ण ठिकाणांपैकी एक आहे. येथील निवासस्थानी जेकबने मोठा ग्रंथसंग्रह आणि स्वतःची कार्यशाळा ठेवली होती. त्याने स्वतः तयार केलेले, चंद्राच्या कला दाखवणारे घड्याळ जेकबाबाद येथे जतन केले गेले. त्याचे रायफलविषयक बरेचसे कामही याच ठिकाणी झाले.

लांब पल्ल्याच्या रायफलीचे संशोधन

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पायदळाजवळील सर्वसाधारण बंदूक गुळगुळीत नळीची व ठासणीची होती. तोंडाकडून आधी दारू व मग गोल शिशाची गोळी घालून गजाने ठासावी लागे. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे आणि नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम लागेल याची खात्री नसे. त्याहून दूरच्या अंतरावर तोफेचेच राज्य होते. मावळातील वाचकांना याचे जवळचे उदाहरण माहीत आहे. जेकबच्याच मुंबई लष्कराची फौज जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे येत असताना कार्ले येथे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने ठार झाला. हाच लोकस्मृतीतील इष्टुर फाकडा होय. वडगाव मावळच्या तहाने संपलेल्या त्या मोहिमेत हातातील बंदुकांना दूरवरच्या तोफखान्यास उत्तर देता येत नव्हते.

नळीच्या आतील बाजूस वळणदार आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहते, हे तत्त्व जुने होते. अडचण भरण्याची होती. आट्यांत घट्ट बसेल अशी गोळी तोंडाकडून ठासणे कष्टाचे होते, आणि काही बार झाल्यावर काळ्या दारूची काजळी साचून ते अधिकच अवघड होई. ब्रिटिश सैन्याने १८३० च्या दशकात स्वीकारलेल्या दोन आट्यांच्या ब्रन्सविक रायफलीत हा दोष ठळकपणे होता. उष्ण व कोरड्या हवेत काजळी लवकर वाळून कडक होत असल्याने सिंधसारख्या प्रदेशात ही अडचण विशेष जाणवे.

नळी आणि आटे

अनेक प्रयोगांनंतर जेकबने चार खोल आट्यांची नळी निश्चित केली. नळी २४ इंच लांब होती आणि तिच्या लांबीत आट्यांचा चार-पंचमांश वेढा पूर्ण होई. म्हणजेच ३० इंचांत एक पूर्ण वेढा पडे. तुलनेसाठी, १८५३ च्या सरकारी एनफील्ड रायफलीत तीन आटे असून ७८ इंचांत एक वेढा होता. वेढा जितका जलद, तितकी गोळी अधिक वेगाने स्वतःभोवती फिरते. लांबट गोळी स्थिर ठेवण्यासाठी असा जलद वेढा आवश्यक असतो. जेकबच्या नळीचे माप ३२ बोअर होते. एका पौंड शिशाच्या ३२ सारख्या गोल गोळ्या केल्या असता त्यांतील एकीचा जो व्यास येईल, तो त्या नळीचा व्यास, असा या मापाचा अर्थ आहे. या रायफलींपैकी अनेक बर्मिंगहॅम येथील स्विनबर्न यांच्या कारखान्यात तयार झाल्या. जेकबचा विशेष ओढा दोन नळ्यांच्या रायफलीकडे होता.

गोळी

गोल गोळी हवेत लवकर मंद होते. तेवढ्याच व्यासाची लांबट व टोकदार गोळी वजनाने जड असल्याने वेग अधिक काळ टिकवते आणि वाऱ्याने कमी ढळते. जेकबने लांब दंडगोल व निमुळते टोक असा आकार निवडला. गोळीच्या अंगावर चार उंचवटे ठेवले आणि ते नळीच्या चार आट्यांत बरोबर बसतील अशी रचना केली. त्यामुळे गोळी ठासताना जोर लावावा लागत नसे, आणि सुटताना ती आट्यांवरून घसरत नसे.

दारूचे प्रमाण वाढवले असता एक नवी अडचण समोर आली. दारूच्या आकस्मिक धक्क्याने मऊ शिशाचे टोक दबून बेढब होई आणि गोळी भरकटे. यावर उपाय म्हणून जेकबने टोकाकडील भाग जस्ताचा आणि मागील भाग शिशाचा अशी गोळी तयार केली. कठीण टोकामुळे आकार टिकला आणि अधिक वेग वापरता येऊ लागला. गोळीचा आकार, तिचा धातू आणि दारूचा जोर या तीन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

दारूचे माप आणि भरणी

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हा नव्याने भरलेला असतो. एका बारात दारू चिमूटभर अधिक पडली, दुसऱ्यात गज हलका पडला, तिसऱ्यात नळी पुसायची राहिली, तर तिन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेगाने सुटतात. शंभर यार्डांवर हा फरक नजरेस येत नाही. परंतु हजार यार्डांपलीकडे मंद गोळी निशाणाच्या पुढ्यातच जमिनीवर पडते आणि जलद गोळी डोक्यावरून जाते. दिशेच्या बाबतीतही हेच खरे आहे. अंशाच्या साठाव्या भागाइतकी चूक १०० यार्डांवर सुमारे एक इंचाची असते. तीच चूक २,००० यार्डांवर सुमारे २१ इंचांची होते.

दारू अधिक घातल्याने केवळ लाभच होतो असे नाही. दारू वाढली की गोळीचा मार्ग सपाट होतो व अंतराच्या अंदाजातील चूक काही अंशी झाकली जाते. पण खांद्याला बसणारा धक्का वाढतो, काजळी वाढते आणि मऊ गोळी विकृत होते. दारू कमी केली तर गोळी उंच कमान करून जाते आणि वाऱ्याला अधिक वेळ सापडते. प्रत्येक नळी व गोळीसाठी या दोन टोकांमधील योग्य माप प्रयोगानेच शोधावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, पुष्कळ बार करणे आणि निशाणावरील छिद्रे किती जवळजवळ पडली ते पाहणे, ही त्याची रीत होय. एखादी गोळी मध्यभागी लागणे हा योगायोग असू शकतो. अनेक गोळ्या एकाच जागी लागणे हा भरणीच्या गुणवत्तेचा पुरावा असतो.

चांदमारी आणि नेमाची पट्टी

जेकबाबादच्या सभोवतीचा सपाट, उजाड प्रदेश लांब पल्ल्याच्या चांदमारीस सोयीचा होता. गोळी कोठे पडली हे धुळीच्या उसळीवरून दिसे. जेकबच्या रायफलीवर घडीची उंच नेमपट्टी असून तिच्यावर २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. हे अंतर सव्वा मैलाच्या आत-बाहेर, म्हणजे अर्ध्या कोसाहून थोडे अधिक भरते. एवढे अंतर कापण्यास गोळीला कित्येक सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती खूप खाली येते. म्हणूनच नळीचे तोंड बरेच वर उचलावे लागते आणि उंच पट्टीची गरज पडते. त्या काळातील एनफील्ड रायफलीवरील खुणा ९०० ते १,००० यार्डांच्या पुढे नव्हत्या. जेकबने आपल्या प्रयोगांची माहिती रायफल प्रॅक्टिस या पुस्तिकेतून १८५० च्या दशकात प्रसिद्ध केली.

स्फोटक गोळी

जेकबचे मुख्य लक्ष्य शत्रूचा तोफखाना हे होते. त्यासाठी त्याने गोळीच्या टोकात तांब्याची बारीक नळी बसवून तीत आघाताने पेट घेणारे मिश्रण भरले. अशी गोळी तोफेच्या दारूगोळ्याच्या पेटीवर आदळली तर पेटीचा स्फोट होई. दूर अंतरावरून अशा पेट्या उडवण्याचे प्रयोग त्याने करून दाखवले. अशा रायफली बाळगणारे दोन कसलेले नेमबाज उत्तमातील उत्तम मैदानी तोफखाना दहा मिनिटांत निकामी करू शकतील, असा दावा त्याने केला. हा दावा प्रत्यक्ष रणांगणावर कधीही पडताळला गेला नाही. पेट्या मोकळ्या मैदानात स्थिर ठेवून केलेली चांदमारी आणि धूर, वारा व प्रतिहल्ला यांनी भरलेली लढाई यांत मोठे अंतर असते. तथापि रायफल तोफेला दूर लोटू शकते, हे त्याचे भाकीत पुढील दशकांतील युद्धांत बऱ्याच अंशी खरे ठरले.

शासनाचा प्रतिसाद

जेकबने हे संशोधन मुख्यत्वे स्वतःच्या खर्चाने केले. आपली रायफल कंपनीने स्वीकारावी यासाठी त्याने प्रयत्न केले. परंतु राणीच्या सैन्यास जी दोन आट्यांची रायफल चालते ती कंपनीच्या सैन्यासही पुरेशी आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाल्याचे सांगितले जाते. पुढे फ्रान्समधील मिनिए याच्या पसरणाऱ्या गोळीचे तत्त्व ब्रिटिश सैन्याने घेतले. ही गोळी नळीपेक्षा लहान असल्याने सहज ठासता येई आणि दारूच्या जोराने पसरून आट्यांत बसे. सामान्य शिपायाच्या दृष्टीने ती जेकबच्या उंचवट्यांच्या गोळीपेक्षा सोपी होती, कारण काजळी धरलेल्या नळीत घाईने भरताना उंचवटे आट्यांत बसवण्याचा प्रश्नच येत नसे. जेकबची रायफल नेमबाजाच्या हातात श्रेष्ठ होती, तर मिनिए पद्धत सर्वसाधारण पलटणीस सोयीची होती, असे दोहोंचे तुलनात्मक मूल्यमापन करता येते.

१८५८ मध्ये जेकबला स्वतःच्या रायफलींनी सज्ज अशा पायदळाच्या उभारणीस मान्यता मिळाली. हे दल जेकब्ज रायफल्स या नावाने ओळखले गेले. मात्र त्याच वर्षी जेकबचा मृत्यू झाल्याने आपल्या रायफलींनी पूर्ण तयार झालेले दल त्याला पाहता आले नाही.

लष्करविषयक विचार आणि १८५७

जेकबने लष्करी व्यवस्थेवर विपुल लेखन केले. बंगाल लष्करातील शिस्तीच्या ढिलाईवर त्याने १८५० च्या दशकाच्या आरंभी कठोर टीका केली व त्याबद्दल वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली. १८५७ च्या उठावानंतर या टीकेकडे नव्याने पाहिले गेले. त्याच्या निवडक लेखनाचा संग्रह ल्यूइस पेली याने १८५८ मध्ये संपादित केला.

उठावाच्या आरंभी जेकब सिंधमध्ये नव्हता. १८५६-५७ च्या इराण मोहिमेत तो बुशहर येथे घोडदळाचा प्रमुख होता आणि औट्रम परतल्यावर तेथील फौजेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. क्वेट्टा येथे ठाणे वसवावे, अशी सूचना त्याने १८५६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याच्याकडे केली होती. ती तेव्हा नाकारली गेली, परंतु दोन दशकांनी त्याच ठिकाणी ब्रिटिश ठाणे उभे राहिले.

मृत्यू

सततचे श्रम आणि सिंधमधील हवामान यांमुळे जेकबची प्रकृती खालावली होती. डिसेंबर १८५८ मध्ये दौऱ्यावर असताना तो आजारी पडला आणि जेकबाबाद येथे वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याला तेथेच दफन करण्यात आले. स्थानिक लोक त्याच्या कबरीवर दिवा लावत व नवस बोलत, असे उल्लेख आढळतात.

वारसा

जेकबच्या रायफलीचे आयुष्य अल्प ठरले. १८६० च्या दशकात मागून भरण्याच्या रायफली आल्या आणि ठासणीच्या सर्वच बंदुका मागे पडल्या. त्याच्या स्फोटक गोळीचा उपयोग काही काळ मोठ्या श्वापदांच्या शिकारीत झाला. मात्र १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून कमी वजनाची स्फोटक अस्त्रे युद्धात वापरण्यास युरोपीय राष्ट्रांनी मनाई केली. अशा गोळीने एकेका माणसाला अकारण यातना होतात, ही भूमिका त्यामागे होती. दारूगोळ्याच्या पेट्या उडवण्यासाठी निर्माण झालेले साधन माणसाविरुद्ध वापरले जाऊ शकते, याचे उत्तर जेकबच्या लेखनात समाधानकारकपणे सापडत नाही.

धातूच्या काडतुसाने भरणीचे काम शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेले. मुंबई इलाख्यात पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. प्रत्येक काडतुसात तेवढीच दारू व तशीच गोळी असावी, ही जेकबने हाताने साधलेली गोष्ट यंत्राने लाखोंच्या संख्येने साधता येऊ लागली. असे असले तरी लांब पल्ल्याच्या स्पर्धांत भाग घेणारे अनेक देशांतील नेमबाज आजही कायद्याच्या चौकटीत स्वतःची काडतुसे भरतात. दारू तोलणे, गोळ्या निवडणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि छिद्रांचा पुंजका मोजणे ही त्यांची पद्धत जेकबच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे.

त्याच्या लष्करी दलांचा वारसा दोन देशांत विभागला गेला. सिंध हॉर्स आणि जेकब्ज हॉर्स ही घोडदळे पहिल्या महायुद्धानंतर एकत्र करण्यात आली. सिंध हॉर्स या नावाने ते दल १९३८ मध्ये घोडे सोडून यांत्रिक वाहनांवर आले आणि फाळणीनंतर भारतीय सैन्यात राहिले. भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्रात अहिल्यानगर येथे आहे. जेकब्ज रायफल्सची परंपरा बलूच रेजिमेंटमार्फत पाकिस्तानी सैन्यात गेली.

मूल्यमापन

जेकबच्या कारभाराविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याने धाडी थांबवल्या, शेती वाढवली आणि देशी अधिकाऱ्यांवर विश्वास टाकला, ही त्याची जमेची बाजू होय. दुसरीकडे त्याची सत्ता एकतंत्री होती, इंग्रज हे स्वभावतःच श्रेष्ठ राज्यकर्ते आहेत असे तो मानत असे, आणि परक्या सत्तेचा विस्तार हाच त्याच्या सर्व कामाचा अंतिम हेतू होता. संशोधक म्हणून मात्र त्याचे स्थान वेगळे आहे. ज्या प्रदेशात त्याने शस्त्र बाळगण्यास बंदी केली, त्याच प्रदेशात त्याने आपल्या काळातील अत्यंत दूरगामी रायफल घडवली. या दोन्ही कामांत अदमासाला थारा न देता मोजून-पारखून निर्णय घेण्याची वृत्ती समान होती.